हात लहान, म्हणून पिस्तूलही लहानच हवं?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या आहेत. परवाना मिळाला आहे, खरेदी व्हायची आहे. गेले चार महिने त्या नेमबाजी क्लबच्या बेरेटा ९२ पिस्तुलावर शिकताहेत. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांचा हात जेमतेम १६ सेंटिमीटर. तक्रारी तीन. १० मीटरवर पहिली गोळी हमखास चार-सहा बोटं डावीकडे जाते, पुढच्या मात्र मध्याच्या आसपास बसतात. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) ओढता ओढता त्या रडकुंडीला येतात आणि दर वेळी प्रशिक्षकांना हाक मारावी लागते. शिवाय ५० गोळ्या झाल्या की उजव्या अंगठ्याचं बूड दोन दिवस ठणकतं. यजमान म्हणतात, "तुझ्या हाताला बसेल असं सगळ्यात छोटं घे." क्लबातले एक जुने सभासद म्हणतात, "बायकांना हलकं रिव्हॉल्व्हरच बरं, स्लाइडची कटकट नाही." तिसऱ्या कुणाचा .३८० या कमी ताकदीच्या काडतुसाच्या पिस्तुलाचा आग्रह आहे. पिस्तूल रोज सोबत बाळगायचं नाही. ते घरी कुलपात राहणार आणि पंधरवड्यातून एकदा रेंजवर जाणार, असंही ओघात लिहिलं आहे. "सगळ्यांचं ऐकून डोकं फिरलंय, तुम्हीच एक नाव सांगा."

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे: पहिली गोळी डावीकडे, पुढच्या मध्यात. नेम कच्चा असता तर सगळ्याच गोळ्या भरकटल्या असत्या. भरकटते ती एकच, आणि तीही दर वेळी पहिली. तेव्हा त्या एका गोळीच्या वेळी वेगळं काय घडतं, ते आधी पाहू.

बेरेटा ९२ हे डबल अ‍ॅक्शन-सिंगल अ‍ॅक्शन जातीचं पिस्तूल. घोडा, म्हणजे मागचा हातोडीसारखा भाग (ट्रिगर नव्हे), उतरवायच्या वेगळ्या खटक्याने (डीकॉकरने) उतरवला की पहिल्या गोळीसाठी ट्रिगर पार पुढे उभा असतो. तुमच्या बोटाला घोडा उचलायचाही असतो आणि सोडायचाही. ओढ लांब, त्यात चार-पाच किलोंचा जोर. ती गोळी सुटली की मागे येणारी स्लाइड पुढच्यासाठी घोडा स्वतःच चढवून ठेवते आणि ट्रिगर मागेच थांबतो. दुसऱ्या गोळीपासून अंतरही कमी आणि जोरही निम्म्याच्या आसपास. पुढे उभ्या असलेल्या ट्रिगरपर्यंत तुमची तर्जनी फक्त टोकाने पोचत असणार. टोकाने ओढलेला ट्रिगर सरळ मागे येत नाही, थोडा बाजूला ढकलला जातो, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी मग बहुधा डावीकडे जाते.

याची शहानिशा करायला पैसे पडत नाहीत. पुढच्या खेपेला प्रशिक्षक शेजारी असताना एका टार्गेटवर पाच गोळ्या मारा, प्रत्येक गोळीनंतर खटक्याने घोडा उतरवून. (खटक्यानेच. अंगठ्याने घोडा धरून हळूच सोडण्याचा उद्योग भरलेल्या पिस्तुलावर करू नका.) मग दुसऱ्या टार्गेटवर पाच, सगळ्या घोडा चढलेला असताना. पहिल्या कागदावरचा पुंजका डावीकडे आणि दुसऱ्यावरचा मध्यात आला, की दोष तुमच्या डोळ्याचा नाही आणि मनगटाचाही नाही. ट्रिगर तुमच्या बोटाला लांब पडतोय, एवढंच. दोन्हीकडे डावीकडेच गेल्या तर मात्र आधी पकड तपासायची, खरेदीची घाई करायची नाही.

आता यजमानांच्या सल्ल्याकडे येऊ. लहान हाताला लहान पिस्तूल, हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की कुणी उलट प्रश्न विचारत नाही. पण पिस्तूल 'कॉम्पॅक्ट' करतात म्हणजे नेमकं काय छाटतात? नळीची लांबी आणि मुठीची उंची. कारण ही दोन मापं कपड्याआड लपवताना आडवी येतात. मुठीचा घेर आणि मुठीच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर पुष्कळदा जसंच्या तसं राहतं. ग्लॉकचं उदाहरण घ्या. १७ ची नळी ११४ मिलिमीटर, १९ ची १०२, २६ ची ८७. मॅगझिनमध्ये अनुक्रमे १७, १५ आणि १० गोळ्या. तिन्हींची मूठ जाडीला आणि ट्रिगरच्या अंतराला सारखीच. ज्या बाईंचं बोट १७ च्या ट्रिगरला पोचत नाही, त्यांचं २६ च्याही पोचणार नाही. वर २६ वर करंगळी अधांतरी लोंबणार, ती गोष्ट निराळीच.

तुम्हाला तर पिस्तूल लपवायचंही नाही. घरी कुलपात राहणार आणि रेंजवर जाणार, असं तुम्हीच लिहिलंय. मग लहानपणाची किंमत कशासाठी मोजायची? कारण ती किंमत बरीच आहे. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्म्यावर आणलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. हा साधा गतिशास्त्राचा हिशेब आहे. तुमचं बेरेटा साधारण ९४५ ग्रॅमचं. सिग पी३६५ सारखं छोटं, त्याच ९ मिलिमीटर काडतुसाचं पिस्तूल ५०० ग्रॅमच्या आसपास. आखूड नळीमुळे गोळीचा वेग थोडा कमी होतो हे धरलं, तरी धक्का दीडपटीच्या वर जातोच. ज्या अंगठ्याला बेरेटाच सोसत नाही, त्याला हे कसं सोसणार?

स्लाइडचंही तसंच. लहान पिस्तुलाची स्लाइड हलकी आणि तिला मागे जायला जागा कमी. तेवढ्याच जोराच्या काडतुसाला तेवढ्या जागेत थोपवायचं, म्हणून आतली स्प्रिंग ताठ घालावी लागते. लहान पिस्तूल ओढायला सोपं असेल असं वाटतं, निघतं बरोबर उलटं. धरायला जागाही कमीच असते.

रिव्हॉल्व्हरवाल्या गृहस्थांचं अर्धं बरोबर आहे. स्लाइड नाही, मॅगझिन नाही, भरलंय की रिकामं हे सिलिंडर उघडला की दिसतं. पण ते सुचवताहेत ते अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचं, ४०० ते ४५० ग्रॅमचं पाच गोळ्यांचं .३८. त्याचा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर पाच किलोंच्या पुढेमागे असतो. अर्ध्या किलोची वस्तू स्थिर धरून तिच्यावरच तिच्या दहापट जोर एका बोटाने लावायचा. पहिल्याच गोळीला जी अडचण तुम्हाला बेरेटावर येते, ती इथे पाचही गोळ्यांना येईल. मुठीत आणखी एक गोम आहे. पाठ उघडी ठेवणारी लहान मूठ घेतली तर ट्रिगर जवळ येतो, पण धातू थेट अंगठा-तर्जनीमधल्या बेचकीत आपटतो. पाठ झाकणारी रबरी मूठ घेतली तर धक्का मऊ होतो आणि ट्रिगर तेवढाच लांब जातो. रिव्हॉल्व्हरच घ्यायचं ठरलं तर स्टीलच्या फ्रेमचं घ्या. परवान्यात बसत असेल तर .३२ एच अँड आर मॅग्नम पाहा. त्याच आकारात पाचाऐवजी सहा गोळ्या बसतात आणि धक्का बराच सौम्य. आणि 'बायकांना रिव्हॉल्व्हर' हे वाक्य सोडून द्या. पिस्तुलाला बाई-पुरुष कळत नाही, त्याला बोटाची लांबी कळते.

.३८० च्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: गोळी सुटताना नळी स्लाइडशी लॉक होणारी आहे, की लॉकशिवायची साधी ब्लोबॅक? वॉल्थर पीपीकेसारख्या ब्लोबॅक पिस्तुलात स्लाइडला थोपवून धरायला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग असते. म्हणून स्प्रिंग ताठ, आणि काडतूस कमी ताकदीचं असूनही धक्का टोचणारा. लॉक होणाऱ्या जातीत, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझी .३८० मध्ये, तेच काडतूस अगदी मवाळ वाटतं आणि स्लाइड सहज ओढता येते. नुसतं '.३८० घ्या' म्हणणाऱ्याने निम्मीच गोष्ट सांगितली.

हात पुरत नाही म्हणून स्वतःला बोल लावत असाल तर तेही थांबवा. १९२० च्या दशकात अमेरिकी सैन्याने आपलं एम१९११ सुधारून एम१९११ए१ केलं, तेव्हा ट्रिगर आखूड केला आणि त्याच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंनी खोलगट कापे दिले, जेणेकरून आखूड बोटांच्या सैनिकांनाही तो ओढता यावा. पुढे २०१७ साली त्याच सैन्याने बेरेटाच्या जागी सिग पी३२० वर बेतलेलं पिस्तूल निवडलं. त्याच्या मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा बदलता येतात. तुम्ही ज्या पिस्तुलाशी झगडताय, त्याच्याशी धडधाकट शिपाईसुद्धा झगडलेत.

तर बघायचं काय? सोबत एक दोरा, एक पट्टी आणि एक व्हिजिटिंग कार्ड घेऊन जा. आधी पिस्तूल रिकामं करून घ्या: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे अडकवलेली, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचंही. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला. दुकानदाराने 'रिकामंच आहे हो' म्हटलं तरी हे करायचं. त्याला राग आला तर येऊ द्या.

मग पकड. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीच्या पाठीवर जितकी वर जाईल तितकी न्या आणि नळी कोपरापासूनच्या हाताच्या हाडांशी एका रेषेत आणा. कुणाला तरी वरून बघायला सांगा, स्वतःला ते दिसत नाही. रेष जुळली की ती न मोडता तर्जनी ट्रिगरवर ठेवा. ट्रिगरचा मधला भाग बोटाच्या पहिल्या पेराच्या गादीवर आला पाहिजे. डबल अ‍ॅक्शन असेल तर पेराच्या घडीपर्यंत गेला तर उत्तम, कारण तिथे जोर जास्त मिळतो. आता बोट आणि फ्रेम यांच्यात ते कार्ड सरकवून बघा. सहज गेलं तर बोट फ्रेमला न घासता सरळ मागे येईल. अडकलं तर ट्रिगर ओढताना बोट फ्रेमलाही रेटणार आणि नेम हलणार.

बोट पोचावं म्हणून तुमचं मनगट आपोआप फिरतं का, हे नीट पाहा. तुमच्या दुखण्याचं मूळ बहुतेक इथेच आहे. हात लहान असला की माणूस नकळत मूठ तळव्यात फिरवून घेतो, बोट पुढे पोचतं, पण पिस्तुलाची पाठ बेचकीतून सरकून अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर जाऊन बसते. मग प्रत्येक गोळीचा धक्का हाताच्या हाडांत न जाता त्या एका सांध्यावर हातोड्यासारखा पडतो. ५० गोळ्या म्हणजे ५० हातोडे. रेंजवरून आल्यावर हाताकडे पाहा: लाली बेचकीच्या मधोमध असेल तर पकड ठीक, अंगठ्याच्या उंचवट्यावर असेल तर पिस्तूल फिरलेलं होतं.

दोऱ्याने मुठीचा घेर मोजा, ट्रिगर गार्डच्या जरा खाली. पट्टीने मुठीच्या पाठीतल्या सगळ्यात खोल बिंदूपासून ट्रिगरच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजा. जे पिस्तूल हाताला बसलं त्याची ही दोन मापं लिहून ठेवा. पुढे शंभर जणांनी शंभर नावं सुचवली तरी तुमच्याकडे ताडून पाहायला आकडे असतील. इथे तीन-चार मिलिमीटरचा फरकही बोटाला कळतो, कॅटलॉग चाळताना मात्र तो नजरेत भरत नाही. कॅटलॉगमध्ये 'रुंदी' म्हणून जो आकडा असतो तो बहुतेक वेळा सगळ्यात रुंद ठिकाणचा, खटक्यांसकट असतो. त्यावरून मुठीचा अंदाज बांधू नका.

आणि हो, उलट बाजूलाही चूक होते. घेर फारच कमी असला तर उजवी बोटं वळून तळव्यालाच टेकतात, आणि डाव्या हाताच्या तळव्याला मुठीची डावी बाजू मिळतच नाही. दोन्ही हातांनी धरलेल्या पिस्तुलाला आधार देण्याचं निम्म्याहून अधिक काम डावा हात करतो. त्याला टेकायला दोन बोटं रुंदीची मोकळी जागा हवीच. चपट्या पिस्तुलांच्या नादात ही जागा जाते आणि मग गोळीगणिक पकड सैल होते, दर वेळी सावरून धरावी लागते. उंचीचंही तसंच: तिन्ही बोटं मुठीवर बसली पाहिजेत. करंगळीशिवाय धरलेलं हलकं पिस्तूल धक्क्याबरोबर मनगटातून उसळतं. फ्रेमच मागे पळाल्यावर स्लाइडला तिच्या तुलनेत पूर्ण मागे जाता येत नाही, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतच उभी अडकते. लोक पिस्तुलाला नावं ठेवतात, दोष बिचाऱ्या करंगळीचा.

खटकेही तपासा. मॅगझिन सोडायचं बटण दाबायला पकड किंचित फिरवावी लागली तर हरकत नाही, बहुतेक सगळ्यांनाच लागते. पण पिस्तूल जवळजवळ हातातून सोडावं लागत असेल तर पुढचं बघा. लहान पिस्तुलात अंगठा स्लाइड स्टॉपवर, म्हणजे स्लाइड उघडी अडकवणाऱ्या खटक्यावर, विसावतो आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहतच नाही. तसं होतंय का, ते रेंजवर कळेल. मुठीच्या पाठीला सेफ्टी असेल, जशी १९११ ला किंवा शील्ड ईझीला असते, तर अंगठा वर ठेवून धरल्यावरही ती पूर्ण दाबली जाते ना, हे दहा वेळा बघा. लहान तळवा तिथे पोकळ राहतो आणि ऐन वेळी ट्रिगर हलत नाही.

नाव सांगा म्हणालात. एक नाही, चार सांगते, आणि कोणत्या क्रमाने हातात घ्यायची तेही. परवान्यात ९ मिलिमीटर बसत असेल, असं धरून. पहिलं वॉल्थर पीडीपीची एफ-सीरीज, २०२२ साली आलेली. हिची मूठ मूळ पीडीपीपेक्षा घेराला कमी, ट्रिगर जवळ आणला आहे आणि स्लाइड ओढायला लागणारा जोरही मुद्दाम घटवला आहे. तुमच्या तिन्ही तक्रारींवर एकाच वेळी बोट ठेवणारं दुसरं पिस्तूल चटकन आठवत नाही. दुसरं स्मिथ अँड वेसन शील्ड ईझी, ९ मिलिमीटरमधलं. मॅगझिनमध्ये आठच गोळ्या, पण आत घोडा असल्याने स्प्रिंगांचा मेळ असा जमवलाय की स्लाइड ओढायला फार हलकी. मॅगझिन भरताना अंगठ्याने खाली दाबून धरायची घुंडीही आहे. तिसरं ग्लॉक ४३एक्स किंवा ४८. दोघांची मूठ एकच, तिन्ही बोटं बसतात आणि ग्लॉक १९ पेक्षा ती पुष्कळ सडपातळ. ४८ ची स्लाइड लांब, म्हणून मी तुमच्यासाठी ४८ कडे झुकेन. चौथं सिग पी३६५एक्सएल, साध्या पी३६५ पेक्षा नळी आणि मूठ दोन्ही लांब असलेलं. आतला यंत्राचा ठोकळा काढून वेगळ्या आकाराच्या मुठीत बसवता येतो, ही त्याची खरी खुबी.

मुठीची पाठ बदलता येणाऱ्या मोठ्या पिस्तुलांनाही वगळू नका. स्मिथ अँड वेसन एम अँड पी २.० बरोबर चार पाठी येतात. हेक्लर अँड कॉख व्हीपी९ ला पाठ आणि दोन्ही बाजू बदलून २७ प्रकारे मूठ जुळवता येते. दुकानात बहुधा मध्यम पाठ लावलेली असते, लहान लावून द्यायला सांगा आणि मगच मत बनवा. ग्लॉकच्या जादा पाठी मात्र घेर वाढवतात, कमी करत नाहीत. तिथे उघडी मूठ हेच सगळ्यात लहान माप. आणि वजन चालत असेल तर ९ मिलिमीटरमधलं १९११ घराण्यातलं पिस्तूल जरूर धरून बघा. गोळ्यांची एकेरी रांग असलेल्या मॅगझिनमुळे मूठ सडपातळ, ट्रिगर लहान-मोठा बदलता येतो आणि त्याची ओढ अगदी आखूड. स्प्रिंगफील्डच्या ईएमपीत तर फ्रेमच ९ मिलिमीटरच्या लांबीला बेतून मागून-पुढून आखूड केली आहे.

'बेरेटाच क्लबकडून स्वस्तात मिळतंय' असा मोह होऊ शकतो. आखूड ट्रिगर बसवून आणि पातळ पट्ट्या लावून थोडा फरक पडतो, पण पहिल्या गोळीची लांब ओढ राहतेच. मुठीवर रबरी मोजा चढवणं म्हणजे रोगापेक्षा औषध भारी: पकड घट्ट वाटते आणि घेर वाढून बोट आणखी मागे पडतं. प्लॅस्टिकची मूठ घरी तासण्याच्या फंदात तर पडूच नका.

आता स्लाइड. इथे ताकदीपेक्षा रीत चुकते. बहुतेक जण पिस्तूल लांब धरून डाव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या चिमटीने स्लाइड मागे खेचतात. चिमटीत जोर असतो कितीसा? कोपर बरगडीला लावून पिस्तूल छातीजवळ घ्या, तोंड टार्गेटकडेच, तर्जनी ट्रिगर गार्डच्या बाहेर फ्रेमवर सरळ. डावा तळवा स्लाइडच्या मागच्या भागावर वरून ठेवा: चार बोटं पलीकडच्या खाचांवर, तळव्याची टाच अलीकडच्या खाचांवर. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीवर हात येऊ देऊ नका. आता डावा हात जागीच घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकलायची, ठोसा मारल्यासारखी. छाती आणि खांद्याचे स्नायू कामाला लागतात आणि तीच स्प्रिंग एकदम नरम वाटते. शेवटाला पोचली की हात झटक्यात सोडा. घाबरून हाताबरोबर हळूहळू पुढे नेली तर ती शेवटचे दोन मिलिमीटर बंद होत नाही आणि काडतूस अर्धवट राहतं.

इथे एक गफलत सर्रास होते आणि ती धोक्याची आहे. जोर मिळावा म्हणून माणूस पिस्तूल आडवं करतो आणि नळी शेजारच्या लेनमधल्याच्या पोटाकडे वळते. तिरकं व्हायचंच असेल तर पाय आणि धड वळवा, पिस्तूल टार्गेटकडेच राहू द्या. तुमच्या बेरेटावर आणखी एक सोय आहे: रिकाम्या चेंबरवर सेफ्टी उघडी ठेवून घोडा आधी अंगठ्याने चढवा, मग स्लाइड ओढा. घोड्याच्या स्प्रिंगचा विरोध आधीच गेलेला असतो, हाताला फरक लगेच कळतो. स्लाइड उघडी अडकवून ठेवायची असेल तर रिकामं मॅगझिन आत घाला आणि ओढा. मॅगझिनच्या आतली पट्टीच स्लाइड स्टॉप वर ढकलते, अंगठ्याची कसरत उरत नाही. मॅगझिन भरायला लोडर घ्या, अंगठ्याची सालटं काढण्यात काही पुरुषार्थ नाही.

दुकानात हाताळून समाधान झालं तरी त्याच दिवशी पैसे मोजू नका. ते पिस्तूल भाड्याने किंवा कुणाचं उसनं घेऊन रेंजवर ५० गोळ्या मारा. पाच गोळ्यांत प्रत्येक पिस्तूल गोड वाटतं. पकड कुठे सुटते, कोणतं बोट सोलतं, हे तिशीनंतर कळतं. शेवटच्या दहा गोळ्या वेगळ्या टार्गेटवर मारा आणि पहिल्या दहांशी ताडून पाहा. पुंजका दुपटीने पसरला असेल तर ते पिस्तूल तुमच्या हाताला दमवतंय. गोळ्या +पी, म्हणजे जास्त दाबाच्या, जातीच्या नकोत. ९ मिलिमीटरमध्ये १४७ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) जड, संथ गोळी बऱ्याच हातांना ११५ ग्रेनपेक्षा मवाळ वाटते. दोन्ही मारून बघा.

अंगठ्याचं मात्र थांबवून ठेवू नका. नवं पिस्तूल येईपर्यंत बेरेटावर एका खेपेला २० गोळ्यांच्या वर जाऊ नका, आणि त्याही घोडा चढवून. उरलेला सराव .२२ वर करा, ट्रिगर आणि नेम तिथेही तितकेच घोटून निघतात. मुठीत अंगठा दाबून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर कळ आली, बोटांत मुंग्या येत असतील किंवा डबा उघडतानाही दुखत असेल, तर आधी हाताच्या डॉक्टरांना दाखवा. सांधा सुजलेला असताना मोजलेली पकड खरी नसते, अशा हाताने पिस्तूल निवडायला जाऊ नका.